बाबांनी अर्धी बाटली टोचून घेतली

सदाशिव पेठेत डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बसून लिहितेय.

बाबांच्या फुप्फुसांना कायम सूज असते. आज फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे इंजेक्शनची बाटली सापडली, रिकामी.

विचारलं तर बाबा म्हणाले, "पेप्टाइड म्हणून नवं औषध आहे. सूज उतरते म्हणे. फिरायला येणाऱ्या कुलकर्णींनी ऑनलाइन मागवलं. काल दोघांनी अर्धं-अर्धं घेतलं."

"अहो बाबा, यावर लिहिलंय, फक्त प्रयोगासाठी, माणसांना देऊ नये!"

"उंदरांना चालतं, मग मला का नाही?" म्हणत हसले, आणि ढास लागली ती थांबेचना.

आत त्यांना ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, "अशा औषधांवर अजून संशोधन चालू आहे. त्या बाटलीत नेमकं काय होतं, देव जाणे."

कसबा पेठेत आत्ता कुणी आहे का? कुलकर्णीकाका तिथे एकटेच राहतात. फोन उचलत नाहीयेत.