पुढच्या सीटची गादी

नानाखेड्याच्या त्या कॉलनीत तात्यांची गाडी तिच्या प्लास्टिकसाठी प्रसिद्ध होती. गाडी जुनी झाली, रंग उडाला, पण कंपनीने सीटवर चढवून दिलेलं दुधी रंगाचं प्लास्टिक तात्यांनी अजून शाबूत ठेवलं होतं. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटायचं आणि कोणी जरा हललं की कुरकुरायचं. कुणी बोललंच, तर तात्या म्हणत, "वस्तू जपायला अक्कल लागते." बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. जे रेघेत बसत नाही ते त्यांना आवडत नसे.

सध्या मात्र त्यांना सर्वांत नावडता होता तो समोरच्या घरातला सुमीत. बँकेत नोकरी करणारा, हसतमुख, येता-जाता "काका, काही आणायचं का" विचारणारा माणूस. खरं म्हणजे त्याच्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि तात्यांना त्याचाच जास्त राग येई. दुखणं दुसरंच होतं. तात्यांच्या पत्नी विजयाबाई यांची कंबर धरली होती आणि त्यांना शेक घ्यायला फ्रीगंजच्या दवाखान्यात जावं लागे. एकदा तात्यांची गाडी मेकॅनिककडे होती, म्हणून सुमीत बँकेत जाताना त्यांना सोडून आला. झालं, ती सवयच पडून गेली.

"सुमीतच्या गाडीत बसलं की कंबर आहे हेच विसरायला होतं," विजयाबाई घरी येऊन कौतुकाने सांगत. तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, मॉडेलही तेच. उलट सुमीतने त्याची सेकंडहँड घेतलेली. मग आपल्या सीटला काटे आहेत की काय?

त्यात मुलीच्या घरची वास्तुशांत आली. श्रुतीने इंदूरला नवा फ्लॅट घेतला होता. रविवारी सगळ्यांना बोलावणं होतं, सुमीतलाही. विजयाबाई फोनवर तिला म्हणाल्या, "मी सुमीतबरोबर येते गं. बाबा येतील आपली गाडी घेऊन." तात्यांनी पेपरमागून ते ऐकलं. व्याही, जावई, सगळे दारात उभे आहेत, लग्नाची बायको परक्याच्या गाडीतून उतरते आहे आणि आपण मागून एकटेच येतो आहोत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. काही झालं तरी रविवारी विजया आपल्याच गाडीत बसली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

या गाड्यांची पुढची सीट बकेट सीट. कडा उंच, मध्ये खोलगट. विजयाबाईंची चण लहान, त्या खोलगटात त्या रुतून बसत आणि कमरेमागे पोकळी राही. ती भरून काढायची, एवढंच काम. तात्यांनी देवासगेटच्या गादीवाल्याकडून फोम आणला. सीटवर वर्तमानपत्र पसरून मुठींनी दाबलं, कडेकडेने पेन्सिल फिरवली आणि कागदाचा नमुना कापून घेतला. भार कुठे पडतो ते बघायला कुणीतरी बसायला हवं होतं. पण विजयाबाईंना आधी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून ते स्वतःच बसले. मग स्वयंपाकघरातली पाव कापायची दातेरी सुरी पळवून फोम कापला, थर चिकटवले आणि गादी सीटवर ठेवली. प्लास्टिक काढायचा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

"चल, देवासगेटपर्यंत चक्कर मारू," ते ऐटीत म्हणाले.

पहिल्याच स्पीडब्रेकरला गादी प्लास्टिकवरून सटकली आणि विजयाबाई गादीसकट पुढे आल्या. त्यांचे गुडघे समोर आपटले. त्यांनी दाराचं हँडल धरलं ते परत येईपर्यंत सोडलं नाही.

"अहो, हे माप कोणाचं घेतलंय? माझ्यासारख्या दोघी मावतील यात," त्या उतरताना म्हणाल्या. "मी सुमीतबरोबरच जाते. तुम्ही बुरा मानू नका."

तात्यांनी चांगलाच मानला. शनिवारी सकाळी सुमीत गाडी धूत होता. तात्या सगळा मान गिळून त्याच्यापुढे उभे राहिले. "जरा आत बसून बघू का? सीट बघायची आहे."

"बसा न काका, त्यात काय विचारायचं."

तात्या बसले आणि त्यांना ती सीट बोचली. कुशीला दोन्हीकडून दाबत होती, पाठीला भलत्याच ठिकाणी उंचवटा. ही सीट थोराड अंगाच्या माणसासाठी नव्हतीच. त्यांनी कव्हर वर केलं. आत फोमचे पातळ थर होते, कमरेशी जाड, कडेला निमुळते, आणि त्यावर हिरव्या सुती साडीचं कापड शिवलेलं होतं. चार टाक्यांनंतर एक उलटा टाका. घरातल्या प्रत्येक दुलईवर तोच हात होता. आणि साडीही त्यांनी ओळखली. तात्यांची गाडी घरी आली तेव्हा विजयाबाईंनी हीच साडी नेसून तिला ओवाळलं होतं.

"काकूंनीच बनवली न," सुमीत पाईप धरून सांगत होता. "मला म्हणाल्या, सीटला टाचलं तर चालेल का? मी म्हटलं, काकू, पूरी गाडी तुमची आहे."

आजवर तात्यांना सुमीतच्या गाडीचा हेवा वाटत होता. आता विजयाबाईंनी ज्या सीटसाठी इतकं शिवलं, त्या सीटचाच वाटू लागला. ते घरी आले. विजयाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"माझ्या गाडीला का नाही केलीस?"

त्यांनी मान वर केली नाही. "विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, सुईनं प्लास्टिक फाटेल."

तात्यांना आठवलं. अगदी याच शब्दांत म्हणाले होते. ते कात्री घेऊन बाहेर गेले आणि सीटवरचं प्लास्टिक कापायला लागले. जुनाट झालेलं ते कडाकडा तुटत होतं. खालून राखाडी कापड निघालं, त्यावर बारीक निळी फुलं. त्यांनी हाक मारली. विजयाबाई आल्या, बसल्या, कापडावरून हात फिरवला.

"रंग चांगला आहे हो," त्या म्हणाल्या. "मला माहीतच नव्हता."

"आता माप घे. उद्यापर्यंत होईल?"

"एका दिवसात कुठे होतंय."

रविवारी सगळे सुमीतच्याच गाडीने निघाले. विजयाबाई पुढे आणि तात्या मागे. वाटेतलं सांवेर गाव मागे पडलं तेव्हा तात्या पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "त्या हिरव्या साडीचं कापड उरलंय का थोडं?"

"नाही हो," विजयाबाई आरामात रेलून म्हणाल्या. "सगळं इथेच लागलं."