पदवी लागते, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, रोज सकाळी ज्यांच्याबरोबर रंकाळ्याला चकरा मारतो त्या मित्रांना नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका वाक्याची आहे. पण ते वाक्य पटकन तोंडातून निघत नाही. थोडं मागून येतो.

मी एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कॉम्प्युटर विभाग बघतो. खोलीभर सर्व्हर, वायरींचं जंजाळ, चोवीस तास एसी — ते माझं राज्य होतं. मग मालकांनी ठरवलं, हे सगळं क्लाउडवर न्यायचं. म्हणजे आपली यंत्रं काढायची आणि दुसऱ्या कंपनीची यंत्रं इंटरनेटवरून भाड्यानं वापरायची. साहेब म्हणाले, क्लाउडची पहिली परीक्षा द्या, सर्टिफिकेट आणा, काम तुमच्याकडंच राहील. नापास झालो तर काय, ते बोलले नाहीत. बोलायला हवं होतं का? त्रेचाळिसाव्या वर्षी मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये जाऊन बसलो. सगळी पोरं माझ्या निम्म्या वयाची. आणि डोक्यात — खरं सांगतो — काही म्हणजे काही शिरत नव्हतं.

ते शिरवलं सुजातानं. माझ्या बायकोनं.

ती पेठ वडगावची. बारावी झाली आणि लगेच लग्न झालं, माझ्याशीच. तेव्हा ती घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तिनं जुन्या लग्नपत्रिका कापल्या, कोऱ्या बाजूला एकेक प्रश्न लिहिला, खाली बारीक अक्षरात उत्तर. सकाळी चहा झाला की मांडीवर साडी घेऊन बसायची आणि टाके घालता घालता मला प्रश्न विचारायची. इंग्रजी शब्द अडला की मला अर्थ विचारायची आणि मग मलाच समजावून सांगायची. काम वाढलं की यंत्रं वाढवायची, कमी झालं की सोडून द्यायची — हे मी आठवडाभर घोकत होतो. ती म्हणाली, "अहो, जोतिबाच्या यात्रेला जादा एसट्या सोडत्यात न्हाय का? यात्रा संपली की बंद. तेच की हे!"

सुरक्षेची जबाबदारी कंपनीची किती, आपली किती, यात मी हमखास चुकायचो. ती म्हणाली, "भाड्याची खोली समजा. छप्पर गळलं तर मालकानं बघायचं. कडी लावायची ऱ्हायली तर आपली चूक."

असं कुणी शिकवलं होतं मला? कुणीच नाही.

एका रविवारी सराव परीक्षा सोडवत होतो. मी अडखळायचो आणि ती, पत्रिकेकडं न बघता, उत्तर देऊन मोकळी व्हायची. पंधरा-वीस प्रश्न असेच गेले. मग तिनं दातांनी दोरा तोडला आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "मी बी बसू का हो परीक्षेला?"

तर ते वाक्य. मी म्हणालो, "पदवी लागते. ग्रॅज्युएट नसेल तर फॉर्मच घेत नाहीत."

खोटं होतं. त्या परीक्षेला कसलीच पदवी लागत नाही. फॉर्म मीच वाचला होता — मला पक्कं माहीत होतं. पण ती पास झाली आणि मी नापास झालो तर? हे चित्र माझ्या डोळ्यासमोर उभं राहिलं, आणि मी तिच्या तोंडावर दार लावलं. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं.

ती म्हणाली, "व्हय? मग ऱ्हाऊ दे." आणि पुढची पत्रिका उचलली. "चला, पुढचा प्रश्न."

रागावली असती तर बरं झालं असतं का? ती रागावली नाही. परीक्षेच्या दिवसापर्यंत तितक्याच मनानं मला शिकवत राहिली. परीक्षेत जादा एसटीचा प्रश्न आला, कडीचाही आला. मी पास झालो. माझी नोकरी राहिली ती तिच्यामुळं.

दोन वर्षं गेली. एकदा खालच्या मजल्यावरची सून साडी न्यायला आली होती. तिनं मला त्याच परीक्षेबद्दल विचारलं — बारावीवर चालतं का? मी तोंड उघडायच्या आत सुजाता बोलली, "पदवी लागती बाई. मीच इचारलं होतं." त्या पोरीच्या हातात फोन होता. म्हणाली, "वैनी, हितं तर तसं कायच लिवलेलं न्हाय."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. खरं बोलायची याहून सोपी वेळ कुठली असते? पण मी म्हणालो, "नियम बदललाय. अलीकडंच."

सुजाताचा चेहरा असा उजळला की मला मान वर करवेना. "मग सांगायचं की मला!" ती म्हणाली, आणि हातातली साडी बाजूला ठेवून उठलीच.

दोघींनी मिळून अभ्यास केला. दोघी पहिल्याच खेपेला पास झाल्या. सुजाताचे मार्क माझ्यापेक्षा जास्त. देवापुढं पेढा ठेवून तिनं दुसरा मला भरवला आणि म्हणाली, "तुमच्यामुळं झालं हे." मी तो खाल्ला.

आता ती त्याच राजारामपुरीतल्या क्लासमध्ये शिकवते. सकाळी स्कूटी काढते, पर्स खांद्याला, घाईत — आणि गॅलरीतून तिला जाताना बघून माझा ऊर भरून येतो. जे मी अडवलं होतं, ते तिनं केलं. मला सावरणारं माणूस मला घरातच मिळालं, हे माझं नशीब.

क्लासमध्ये कुणी बाई बिचकत बिचकत शिक्षणाचं विचारते, तेव्हा सुजाता तिला सांगते, पूर्वी पदवी लागायची, आता लागत नाही, तू बस बिनधास्त. घरी येऊन मलाही हे कौतुकानं सांगते.

पूर्वीही लागत नव्हती. हे तिला अजून माहीत नाही. तिनं कधी शोधून बघितलं नाही, कारण मी सांगितलं होतं.