कायमची माणसं

वैशालीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वेस्ट विंडसरच्या घरासमोर गाडीवरचा बर्फ खरवडत होतो. मिलिंददादा, म्हणजे त्यांचे यजमान, एवढंच म्हणाले, "सकाळी गेली रे... झोपेतच." ऑफिसला जायचं आता नव्हतंच, तरी मी काच पूर्ण साफ करूनच घरात आलो.

ताई मूळच्या नागपूरच्या. इथे मुलांच्या सरकारी ऑफिसात सुपरवायझर होत्या. ज्या मुलांना स्वतःच्या घरात धोका असतो, त्यांना दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं आणि त्यांची विचारपूस करत राहायचं, हे तिथल्या केसवर्करांचं काम. २००३ साली माझ्या कन्सल्टिंग कंपनीनं मला तिथे प्रोग्रॅम लिहायला पाठवलं. ताईंनी माझा बॅज उलटसुलट करून पाहिला. "अरे बाप्पा, म्हणजे तूही भाड्याचाच का? इथे निम्मे केसवर्कर एजन्सीचे आहेत. तीन महिने राहतात, पोरांची नावं पाठ झाली की पसार!"

मी काय करावं? एजन्सीचा माणूस गेला की त्याची सगळी मुलं एका क्लिकमध्ये दुसऱ्याच्या नावावर जातील, अशी सोय केली. डायरेक्टर बेहद्द खूश, मीही कॉलर ताठ करून फिरत होतो. दुसऱ्या दिवशी कॉफी घेऊन वेटिंग रूममधून जाताना नऊएक वर्षांची एक मुलगी मला पाहून उभी राहिली. गळ्यातला बॅज बघून तिला वाटलं, हाच आपला नवा केसवर्कर. आणि तिनं सुरुवात केली... आईचं नाव, पोलीस कधी आले, धाकट्या बहिणीला कुठल्या घरी ठेवलंय, आपल्याला रात्री कशाची भीती वाटते. पाढे म्हणावेत तसं, कुठेही न अडखळता. मागून आलेल्या ताईंनी तिला जवळ घेतलं. "बस, बेटा. यांना नको सांगू." मग कॉरिडॉरमध्ये मला म्हणाल्या, "तू क्लिक केलं की तिला हे सारं पुन्हा सांगावं लागते. समजलं?" इतकी लाज मला आयुष्यात क्वचित वाटली असेल.

त्याच आठवड्यात मी ते बटण काढून टाकलं. जुन्या आणि नव्या केसवर्करनं मुलाला एकत्र भेटल्याशिवाय प्रोग्रॅममध्ये केसवर्करचं नाव बदलेचना. डायरेक्टर माझ्यावर उखडले, तर ताई शांतपणे म्हणाल्या, "मीच करायला सांगितलं." खरं म्हणजे त्यांनी सांगितलं नव्हतं.

पण खरी लढाई पुढेच होती. डायरेक्टरांचं म्हणणं, एजन्सी बरी, गरज लागली की माणसं बोलवा, सरली की सोडा. ताईंचं म्हणणं, इथून कोणी कंटाळून जात नाही, भिऊन जातं. म्हणून नव्या माणसाबरोबर पहिले सहा महिने अवघड घरांचे जिने त्या स्वतः चढायच्या, आणि परतताना गाडीत आपल्या डब्यातली अर्धी पोळी त्याच्या हातावर ठेवायच्या. डेनिस अशीच तीन महिन्यांसाठी आलेली एजन्सीची मुलगी. कायम होण्याला तिनं दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा ताईंनी फॉर्म स्वतःच भरून फक्त सहीसाठी पुढे सरकवला. एकेक माणूस असं थांबवत चार वर्षांत त्यांच्या विभागात एजन्सीचा एकच माणूस उरला. ताई स्वभावानं मात्र कडक. मी मध्येच दुसरी नोकरी धरली तेव्हा कित्येक महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. राग आला होता मला. आज वाटतं, बरोबरच होतं त्यांचं.

ताई गेल्यावर दोन आठवड्यांनी त्यांच्या घरी बुद्धवंदना झाली. डेनिस आली होती, आणि सोबत वेटिंग रूममधली ती मुलगी. आता चौदा वर्षांची, डेनिसपेक्षा उंच. डेनिस आल्यापासून तिची केस डेनिसकडेच. जेवताना शेजारच्या काकूंनी मायेनं तिला विचारलं, "बाळा, तू ताईंना कशी ओळखतेस?" मी हातातला घास ताटात ठेवला. वाटलं, आता उभी राहणार आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून... पण तिनं मान वरही केली नाही. डेनिसला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "तू सांग ना. तुला सगळं माहितीये."

आणि खिरीची वाटी पुढे ओढली.