पिशव्यांची लाइन

सरकारी दवाखान्यात महिनाअखेरीला औषधं संपतात, किस्से मात्र शिल्लक राहतात. लालबागच्या आमच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून चिकटलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. काही किस्से सांगितल्याशिवाय जेवण पचत नाही!

*

कमी खर्चात लोकांना जास्त उपयोग कसा होईल, हे बघायला हेड ऑफिसातून पिंगळे साहेब आले. बाकावर तीस पिशव्या आणि तीन माणसं.

"डॉक्टर, पेशंट कुठायत?"

आमच्या कांबळे सिस्टर म्हणाल्या, "घरी. चपात्या लाटतायत. पिशवी पुढे सरकली की येतील."

नळावर हंडे लावण्यात जन्म गेलेली माणसं ती, दवाखान्यात दुसरं काय करणार? साहेब मात्र भडकले. "लाइनीत माणसं हवीत, पिशव्या नकोत!"

त्यांनी रिपोर्ट लिहिला : गर्दी नाही, हा दवाखाना पुलापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात विलीन करावा. आमच्या गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना तो पूल चढणं शक्यच नव्हतं. मी खरंच घाबरलो.

*

मग टोकन मशीन आलं. दोन दिवसांत लोकांनी तेही आपलंसं केलं. "माझा बारा नंबर तू घे, मला मार्केटला जायचंय!" मी बारा नंबर पुकारला, तर पहिल्या दिवशी एक काकू आल्या, दुसऱ्या दिवशी त्यांचे शेजारी. तिसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं. आता त्यावर पिशव्या ठेवतात.

*

सावंत आमचे फार्मासिस्ट, पक्के मालवणी. एका काकूंनी बीपीची गोळी उलटसुलट करून विचारलं, "फुकटची गोळी लागू पडते का हो?"

सावंत म्हणाले, "काकी, ती फुकट आसा ह्या त्या गोळयेक खंय म्हायत!"

आपण फुकट आहोत हे गोळीला खरंच माहीत नसावं, काकूंचं बीपी महिन्याभरात खाली आलं.

*

पेशंट तारखा चुकवतात म्हणून मोबाइलवर मेसेज पाठवायची योजना आली. मोबाइल नातवाकडे, बीपी आजोबांकडे! कांबळे सिस्टर स्वतः लोअर परळच्या चाळीत वाढलेल्या. त्यांच्याकडे पेशंटची कार्डं आडनावाने लावलेली नसतात, चाळ, मजला, खोली अशी लावलेली असतात. कोणी आलं नाही की त्याचं कार्ड शेजाऱ्याच्या हातात. "त्याला घेऊन या, मगच तुमचं बीपी बघते!"

एकदा परब काकांना शेजाऱ्याने अर्ध्या दाढीत आणलं. एका गालावर फेस तसाच. सिस्टरनी पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "राहिलेली दाढी घरी जाऊन करा."

खर्च शून्य. मला त्या बाईचा फार अभिमान वाटतो.

*

विलीन करायच्या आधी शेवटची पाहणी म्हणून पिंगळे साहेब पुन्हा आले. चेहरा लालबुंद. सिस्टरनी त्यांना खुर्चीत बसवून बीपी घेतलं. चांगलंच वर होतं! कार्ड काढलं.

"कुठली चाळ?"

"चाळ नाही हो, दादरला ब्लॉक आहे माझा."

"तिथले शेजारी मला कुठे माहीत?" असं म्हणत सिस्टरनी लिहिलं : हेड ऑफिस, तिसरा मजला, लिफ्टजवळची केबिन. मी महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या.

पुढच्या महिन्यात साहेब आलेच नाहीत. पण त्याच मजल्यावरचे शिपाई शिंदे आमचे पेशंट. सिस्टरनी साहेबांचं कार्ड त्यांच्या हातात दिलं.

"अहो सिस्टर, नोकरी जाईल माझी!"

"बीपी बघायचंय ना तुम्हाला?"

गुरुवारी सकाळी मी बाकाकडे बघितलं. भाजीच्या दोन पिशव्यांमध्ये एक चामड्याची ऑफिस बॅग! शिंदे दारात घाम पुसत उभे, आणि साहेब समोरच्या टपरीवर बिनसाखरेचा चहा पीत होते.

बॅग पुढे सरकली तसे साहेब आले. बीपी बरंच उतरलं होतं. बाही खाली करत त्यांनी विचारलं, "पुढची तारीख?"

सिस्टरनी पेन हवेतच धरलं. "पुढच्या महिन्यात दवाखाना असणाराय का?"

साहेबांनी एकदा बाकाकडे बघितलं.

"तारीख लिहा," ते म्हणाले. "मी शिंदेंच्या हातून बॅग आधी पाठवतो!"