पापडाच्या पुडक्यातलं पत्रक

पेणला रामवाडीत आमचा पोह्यांच्या पापडांचा धंदा. पीठ सासूबाई मळायच्या, लाटायला आम्ही बायका, आणि सगळा माल रोह्याच्या एका शेठच्या दुकानात. त्यांनी नाही म्हटलं की आम्ही बसलो. म्हणून गिऱ्हाईक टिकावं यासाठी दर महिन्याला पुडक्यात एक झेरॉक्स पत्रक घालायची टूम मीच काढली. पहिल्या पत्रकात 'उत्तम दर्जा, वाजवी दर' असलं काहीबाही खरडलं. लोक त्यावर तळलेले पापड निथळायला ठेवतात, असं शेठनी सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग चिडून घरातलंच लिहायला लागले. कावळ्याने पापड पळवला, आभाळ आलं आणि गच्चीवर आमची तारांबळ उडाली, सासूबाईंनी मला परत झापलं: "मिठाला हात आखडतेस गो, तुझ्या बापाच्या घरचं हाय काय?" हे मात्र लोक वाचू लागले. या महिन्यात म्हातारी काय म्हणाली, असं दुकानात विचारायचे. सासूबाई वरवर रागवायच्या आणि पत्रक माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायच्या.

ऐन हंगामात त्या गेल्या. सुतकात काम बंद. दिवस झाल्यावर पुन्हा पापड घातले, तेवढ्यात शेठचा फोन आला. आधी हळहळले, मग म्हणाले, "पत्रकात यातलं काय लिवू नको. म्हातारीला पावसापर्यंत जिवंत ठेव." लोक तिच्या हातचे म्हणून पापड घेतात, आणि हे सुतकातले तर नव्हेत अशी शंका आली तर एक पुडकं खपायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं तरी काय चुकत होतं? घरातली चूल त्या मालावर पेटत होती. मी कागद घेऊन बसले, पण मेलेल्या बाईच्या तोंडी खोटी शिवी घालायला जीव धजेना. शेवटी लिहिलं: सासूबाई गेल्या. हे पापड सुतक फिटल्यावरचे आहेत. पीठ माझ्या हातचं आहे, चुकलं असेल तर सांगा.

शेठना न विचारता पुडकी रवाना केली आणि त्याच क्षणी पस्तावले. फोन वाजेना. आपण होऊन करायची छाती होईना. पोहे दळून पडले होते, पण पीठ भिजवायला हात उचलत नव्हता. आपल्या खरेपणाच्या हौसेपायी घर उपाशी पाडलंस, असं स्वतःलाच बोलत होते.

अखेर फोन आला. दुकानात बायकांनी भंडावून सोडलंय, शेठ म्हणाले. काय म्हणतात, एवढंच कसंबसं विचारलं.

"मीठ कमी हाय म्हनतात. सूनबाईला सांगा, हात आखडू नको. पुढची खेप कधी धाडतेस?"

फोन ठेवला आणि भडभडून रडले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. इतके दिवस भीतीपोटी रडायचंच राहिलं होतं.