बंबाखूचा माग

तिला सगळे आत्या म्हणत. खरी आत्या ती एकाच मुलीची, थोरल्या भावाच्या लेकीची. पण निंदणीच्या टोळीतल्या बाकीच्या पाचही बायकांनी ते नाते वापरून वापरून सार्वजनिक करून टाकले होते. चाळीस वर्षे खुरपे चालवून तिच्या हाती एक विद्या आली होती, जिला विद्या म्हणण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. कोणते तण मुळासकट निघते, कोणते तुटले की दुप्पट फुटते, हे तिच्या बोटांना कळे. म्हणूनच टोमॅटोच्या सरीत उभा असलेला तो फिकट दांडा पाहून ती बुचकळ्यात पडली.

त्याला पान नव्हते, हिरवेपणाचा मागमूस नव्हता. वीतभर उंचीचा, मेणासारखा पिवळसर दांडा आणि त्यावर जांभळट फुलांचा झुपका. भोवतीच्या टोमॅटोने, जमिनीत ओल असूनही, भर दुपारी माना टाकल्या होत्या.

“पान नाही, तर हा खातो काय?” आत्याने विचारले.

“माझा दीर खातो तसं, दुसऱ्याच्या ताटातलं,” शेजारच्या सरीतून उत्तर आले. ही बाई अखंड बोले, म्हणून तिला रेडिओ म्हणत. “गेल्या हंगामातही असले उपटलेच की आपण. उपटा नि चला पुढं. फुलं बघायला आलोय होय आपण?”

आत्याने ती थट्टा गंभीरपणे घेतली. दांडा न उपटता तिने बोटांनी माती उकरली. खाली कांद्यासारखी गाठ होती आणि ती टोमॅटोच्या मुळाला अशी चिकटली होती, की एकाचे अंग कुठे संपते नि दुसऱ्याचे कुठे सुरू होते ते सांगता येईना. शेजारचा एक वाळका दांडाही घेऊन तिने दोन्ही ओल्या कापडात गुंडाळले.

भाची माती-तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाळका दांडा पांढऱ्या बशीत झटकला. बशीत तपकिरी धूळ पडली.

“धूळ साचलीय गं याच्यावर.”

“धूळ नाही, आत्या, बी आहे. याला बंबाखू म्हणतात. एका झाडाचं लाखभरसुद्धा निघतं.” तिने भिंग पुढे केले. “शेजारी टोमॅटो-वांग्यासारख्या झाडाचं मूळ आल्याशिवाय हे उगवतच नाही. मुळातून काहीतरी झिरपतं, त्याचा सुगावा लागला की जागं होतं. नाहीतर दहा-बारा वर्षं मातीत नुसतं पडून राहतं.”

“नाक नसताना सुगावा लागतो?”

“लागतो. मग मुळाला चिकटून पाणी आणि अन्न दोन्ही ओढतं. झाड खुरटतं, फळं बारीक राहतात. दांडा वर दिसेपर्यंत खाली निम्मं नुकसान झालेलं असतं.”

आत्या बराच वेळ भिंगातून बघत राहिली. “हे चालत तर येत नाही. मग या शेतातून त्या शेतात जातं कसं?”

“पाण्याबरोबर, औजारांबरोबर. तूच शोध ना. सगळी शेतं तुझ्या पायाखालची आहेत.”

भाची ते सहज बोलून गेली. आत्या मात्र हात धुऊन त्या प्रश्नाच्या मागे लागली. टोळी कोणत्या दिवशी कुणाच्या शेतात, याच्या खुणा ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर करी. जुनी कॅलेंडरेही तिने टाकली नव्हती. आठवडाभर तिने येता-जाता चौकशी केली आणि जिथे बंबाखू दिसला तिथे पेन्सिलीने गोल काढले. सात शेते निघाली. त्यांच्या मधोमध दोन शेते स्वच्छ होती. पाणी त्याच कालव्याचे, नांगरट त्याच ट्रॅक्टरची; फक्त तिथली निंदणी घरचीच माणसे करीत. उरलेल्या सातांत तण ज्या क्रमाने दिसू लागले, त्याच क्रमाने टोळी तिथे गेली होती.

आत्याने खुंटीवरचा निंदणीचा एप्रन काढला आणि खिशाची शिवण बशीवर झटकली. भाचीने भिंग लावले. मग तिने बशी आत्यापुढे सरकवली. तीच तपकिरी धूळ होती.

त्या टोळीचा लौकिक स्वच्छतेचा होता. इतर टोळ्या उपटलेले तण सरीतच टाकत. या बायका ते एप्रनच्या ओच्यात भरून बांधापर्यंत नेत. त्याच एप्रनने दुसऱ्या दिवशी दुसरे शेत. हयगय केली असती तर तण जिथल्या तिथे राहिले असते. ते गावभर नेले होते त्यांच्या चोखपणाने. या विचारात सांत्वन नव्हते आणि आत्याने ते शोधलेही नाही.

सोमवारी टोळी निवृत्त कंपाउंडरच्या शेतात जायची होती. त्याआधी त्याला सगळे सांगायचे, असे आत्याने बायकांना म्हटले.

“एप्रन उकळत्या पाण्यात घालू, बूट धुऊ, आणि कानाला खडा,” रेडिओ म्हणाली. “पण सांगायचं कशाला? सहा घरांच्या पोटावर पाय येईल, आत्या.”

“गेल्या हंगामात त्यांच्या खालच्या कोपऱ्यात आपण निंदलं होतं. तिथं बी पडलं असेल, तर ते फुलायच्या आत काढून जाळायला हवं. माहीतच नसेल तर ते काढणार कसं?”

“आणि पडलं नसेल तर?”

“तेच तर बघायचंय.”

रविवारी सकाळी ती एकटीच गेली. फाटकाबाहेर बूट धुतले आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले.

“म्हणजे ही साथ तुमच्याच टोळीनं पसरवली, असं तुम्हीच सांगताय?” कंपाउंडरने चष्म्यावरून पाहिले.

“हो, साहेब. नकळत, पण आम्हीच.”

“इतरांना सांगितलंत?”

“तुमच्यापासून सुरुवात.”

दोघे खालच्या कोपऱ्यात गेले. वर काहीच दिसत नव्हते. आत्याने मान टाकलेले एक झाड निवडले आणि माती हळूहळू बाजूला केली. मुळावर वाटाण्याएवढी पिवळट गाठ होती. तिला नुकता कोंब फुटत होता.

“उद्या टोळी आणू नका,” कंपाउंडर म्हणाला. मग त्याने विचारले, “हे वर येऊन फुलायला किती दिवस?”

“पंधरा-वीस असतील. पण झाड न् झाड बघावं लागेल. एकटीचं काम नाही हे.”

तो गुडघ्यावर हात टेकून त्या गाठीकडे पाहत राहिला. “मग सगळ्याजणी या. धुतलेले कपडे घालून. आणि आधी मला शिकवा, कसं ओळखायचं ते.”

उरलेल्या मालकांपैकी तिघांनी टोळीला पुन्हा बोलावले नाही. आत्याने त्यांनाही आपापले शेत कुठून तपासायला सुरुवात करावी, ते सांगून ठेवले होते.