जमिनीपासून दोन हात

समस्त कलाप्रेमी, कलेशी काडीचाही संबंध नसलेले, आणि परीक्षा विभागाची खिडकी चार वाजता उघडेल या आशेवर विद्यापीठाच्या आवारात थांबलेले, अशा सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, नांदेडच्या आमच्या विद्यापीठाच्या कला संग्रहालयात सगळी चित्रं जमिनीपासून दोन हातांवर लावलेली आहेत. ही चूक नव्हे. खिळे सैल झालेले नाहीत. संचालक शुद्धीवर आहेत. संचालक म्हणजे मी.

मी मूळचा लातूरचा. डाळ मिलच्या गल्लीत वाढलो. उन्हाळ्याच्या दुपारी तिथल्या हवेत तुरीची पिवळी भुकटी तरंगायची. पत्र्याच्या भोकातून कवडसा आत आला की त्यात ती भुकटी हळूहळू फिरत राहायची, आणि मी डोळे अर्धे मिटून तिच्यात डोंगर, हत्ती, राजवाडे बघत बसायचो. घरच्यांना वाटायचं पोरगं अभ्यासाचा विचार करतंय, डॉक्टर होणार. मी चित्रकला शिकलो, पुढे शिकवली. मग एके दिवशी विद्यापीठाने मला एक हॉल, एक शिपाई आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेली ढीगभर चित्रं दिली आणि संचालक करून टाकलं. वडिलांना फोन केला.

"संचालक म्हंजे तिथं इकायचं काय असतंय?"

"काहीच नसतं, अण्णा."

अण्णा म्हणाले, "बरंय. नुकसान तरी व्हायचं न्हाई."

हॉल अर्धा जमिनीत गेलेला, वर दोन कडुलिंबांची सावली. बाहेर डांबर मऊ पडायचं तेव्हाही आत माठाखालच्या ओलसर वाळूसारखा गारवा असायचा. आणि समोरच परीक्षा विभाग. भोकरहून, चाकूरहून, पार देगलूरहून माणसं गुणपत्रिका दुरुस्त करायला यायची, आणि खिडकीतून उत्तर मिळायचं, "चारनंतर या." चारपर्यंत उन्हात कुठे जायचं? पहिल्यांदा एक कुटुंब बिचकत आत आलं. कुणी सांगितलं नसताना चपला दाराबाहेर काढल्या आणि भिंतीशी बसलं. पुढच्या आठवड्यात दारात चपलांचा बाजार भरला. सतरंज्या मीच आणून टाकल्या. नियम एकच केला: जेवण बाहेर, झोप आत.

आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारायचा, "चार्जिंग कुठं हाय?" मी रंगमंचावरच्या राजासारखा हात लांब करून म्हणायचो, "त्या बैलजोडीच्या चित्राखाली." त्या चित्रासमोर कायम गर्दी. मी खूश. इतर संग्रहालयांचे संचालक प्रेक्षक नाहीत म्हणून रडतात; माझे प्रेक्षक घोरत होते.

त्या दुपारी मला अजून झोपेत दिसतात. पंखा एका लयीत कुरकुरतोय. खिडकीबाहेरची पानं हलली की जमिनीवर हिरवट उजेड हलतो, तो कुणाच्या पायावरून, कुणाच्या पदरावरून सरकत जातो आणि भिंतीवरच्या चित्रातल्या नदीत उतरतो. कुणी कूस बदलतं, बांगड्या वाजतात. मीही खुर्चीत पेंगत असायचो, आणि ही शांतता हॉलमधली की चित्रातली, ते उमगायचं नाही.

अशाच एका पेंगेत माझ्या लक्षात आलं की झोपलेली वाटणारी माणसं झोपलेली नाहीत. हातावर डोकं टेकून, मान अवघडून ती वर बघताहेत. चित्रं टांगली होती उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि या हॉलमध्ये उभं कुणीच नव्हतं. माझ्याही घरी कधी कुणी उभ्याने काही पाहिलं नव्हतं. टीव्हीसुद्धा बसून.

रविवारी मी आणि शिपाई, दोघांनी मिळून सगळी चित्रं खाली आणली. शिपाई प्रत्येक खिळ्याला कुरकुरत होता.

"सर, इतकं खाली लावलं तर झाडू लागंल की चितराला."

"हळू मार."

"आन् मोठे सायेब लोक आले तर? त्यांनी काय रांगत बघायचं का?"

"बसतील."

"ते बसत नसतेत सर. त्यांना खुर्ची लागती."

सगळ्यात मोठं चित्र आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं: संध्याकाळचं रिकामं मोंढ्याचं, म्हणजे धान्यबाजाराचं, मैदान, करडईचे उरलेले ढीग, आणि पाठमोरी चालत निघालेली एक बाई. ते खाली आल्यावर हॉलमध्ये बोलणं सुरू झालं. भोकरकडची एक बाई होती, लेकीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव चुकलंय म्हणून खेटे घालणारी. दर वेळी त्याच चित्रासमोर तिची जागा. एकदा शेजारणीला म्हणाली, "ही घरी न्हाई चालली बघ."

"मग कुठं चालली?"

"घरी जानारी बाई अशी चालती व्हय? तिला घाईच न्हाई."

"माहेरी चालली आसंल."

"माहेरी चालली असती तर पळाली असती." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तुम्हाला इथं नुसतं बघत बसायचा पगार देतेत का?"

"हो."

"लई चांगलंय."

ते चांगलं फार टिकेल असं दिसत नव्हतं. परीक्षा विभागाच्या प्रमुखांचा हॉलवर डोळा होता. एक दार, एक कुलूप. उत्तरपत्रिका ठेवायला असा हॉल दुसरा मिळणार नाही, असं त्यांनी वर लिहून कळवलं. एक समिती नेमली गेली. हा हॉल संग्रहालय म्हणून वापरात नाही असं समितीने म्हटलं असतं, तर चित्रं पुन्हा भिंतीकडे तोंड करून कोठीत गेली असती, आणि मी वर्गावर.

समिती आली ती ऐन मे महिन्यात, जेवणं झाल्यावर. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक, कडक इस्त्रीचे. मागे परीक्षा प्रमुख, हातात मोजायचा टेप. हॉल माणसांनी भरलेला. पाय टाकायला जागा नाही. मी आवाजात शक्य तेवढा मध आणून बोलायला लागलो: पाहण्याची देशी पद्धत, बैठकीची संस्कृती, माणसाचा जमिनीशी असलेला संबंध. मला स्वतःलाच भरून आलं. कुणीतरी घोरलं.

"अहो," अध्यक्ष म्हणाले, "ही चित्रं बघायला गुडघे टेकावे लागतात."

"टेकले की फार छान दिसतात, सर."

परीक्षा प्रमुख टेप उलगडत म्हणाले, "इथं आठ कपाटं आरामात बसतात."

"ही धर्मशाळा आहे," अध्यक्ष म्हणाले. ते माणसांतून वाट काढत मोंढ्याच्या चित्रापाशी गेले आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. "एकच सांगा. यातलं एक तरी माणूस इथं चित्र बघायला आलंय का?"

मी शिपायाकडे बघितलं. शिपाई छताकडे बघत होता. पंखा कुरकुरत होता. अध्यक्षांनी खिशातलं पेन काढलं.

हॉल आजही आमच्याकडे आहे. त्याचं श्रेय माझ्या भाषणाला मिळालं असतं तर मला मनापासून आवडलं असतं. पण पेनाचं टोपण निघालं त्याच क्षणी, अध्यक्षांच्या पायाशी पिशवीवर डोकं ठेवून आडवी पडलेली भोकरची ती बाई, न उठता, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ सायेब, जरा बाजूला व्हा की. तुमच्यामुळं मला चित्र दिसंना."